चिखलाची भाऊबंदकी

"ह्याला काय म्हणता तुम्ही?"

बाईंनी असं विचारलं की आधी त्यांची बोटं बघायची. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चिमूटभर चिखल असायचा. वाकून उचलायच्या, चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याच्यापुढं धरायच्या. मग तो शेतकरी असो, जेसीबीचा ड्रायव्हर असो, नाहीतर गावचा सरपंच असो. उत्तर मिळालं की बोटं गवताला पुसायच्या आणि म्हणायच्या, "बरं. चला, पुढं."

एका जागी न ठरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला घरी जायची घाई असते, कुणाला घरातून बाहेर पडायची. बाईंना कसली घाई होती हे कळायला मला बराच काळ लागला.

माझं काम जमिनीखालच्या निचऱ्याचं. सांगलीकडच्या कृष्णाकाठाला ऊस घेऊन घेऊन आणि पाणी पाजून पाजून कैक रानं आतून तुंबलीत. पाणी वर येतं, त्याच्याबरोबर क्षार येतात आणि हिरवं रान बघता बघता पांढरं पडतं. अशा रानात चर खणायचा, छिद्रांचे पाइप पुरायचे आणि आतलं पाणी ओढ्याला काढून द्यायचं, असं ते काम. मी ठेकेदाराकडं सर्वेअर. लेव्हल मशीन लावून उतार बघतो, पाइप कुठून न्यायचा ते ठरवतो. मूळचा कोरेगावचा, सांगलीत खोली घेऊन राहतो. आज ह्या शिवारात, उद्या त्या.

अशाच एका शिवारात बाई पहिल्यांदा दिसल्या. एसटीतून उतरून बांधाबांधानं चालत आल्या, चपला हातात घेऊन. साठीच्या आसपासच्या, अंगानं सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा. आमच्या ठेकेदाराला वाटलं, वरून तपासणी आली. त्यानं लगबगीनं खुर्ची मागवली, चहा मागवला. बाईंनी खुर्चीवर पर्स ठेवली आणि स्वतः उघड्या चरात उतरल्या.

आमच्या टोळीत सीमेपलीकडची काही कानडी माणसं होती. त्यातल्या एकानं बाईंच्या बोटांकडं बघून सांगितलं, "केसरु." इथला एकजण म्हणाला, राड. दुसरा म्हणाला, राड ती वरची, पायानं तुडवून तुडवून झालेली. हा खालचा पातळ, हा रेंदा. त्या दोघांची तिथंच जुंपली. बाई चरात उभ्या राहून दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या, चेहरा उजळलेला. ठेकेदार मात्र अजून अदबीनं उभा. शेवटी त्यानं विचारलं, मॅडम, तपासणी कधी सुरू करायची?

"झाली की," बाई म्हणाल्या आणि वर यायला त्याच्यापुढं हात केला.

मग चहा पिताना उलगडा झाला. बाई सांगलीच्या एका कॉलेजात संस्कृत आणि भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. युरोपपासून आपल्यापर्यंत भाषांचं एक मोठं घराणं पसरलंय, त्या घराण्यात चिखलाला आणि पाणथळ जागेला कोण काय म्हणतं आणि त्या शब्दांचं एकमेकांशी काय नातं लागतं, हे त्या शोधत होत्या. हे त्यांनी असं सांगितलं, की जणू मुलीला स्थळ बघत हिंडतायत.

"पंक म्हणजे चिखल. आपण तो पंकजापुरता ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पण त्याचे भाऊ तिकडं अजून नांदतायत. इंग्लंडात पाणथळीला फेन म्हणतात. गॉथिक म्हणून एक जुनी भाषा होती, तिच्यात चिखलाला फानी. आपला प तिकडं गेला की त्याचा फ होतो. पितर तिकडं फादर, पाद तिकडं फूट."

मी म्हटलं, मग पाणी तिकडं फाणी होत असेल. बाई मोठ्यानं हसल्या. "नाही हो मोजणीदार, तितकं सोपं असतं तर मी आज घरी बसले असते."

तेव्हापासून त्या मला मोजणीदारच म्हणू लागल्या.

ठेकेदारालाही काहीतरी बोलावंसं वाटलं. त्यानं विचारलं, मड हा इंग्लिश शब्द, त्याचा कोण नातेवाईक? बाईंनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की काही विद्वानांच्या मते मड आणि आपलं मूत्र एकाच घरातले. ठेकेदारानं उरलेला चहा बाजूला ओतला. त्यानंतर त्यानं बाईंना भाषेबद्दल एक अक्षर विचारलं नाही, पण त्या आल्या की चहा मात्र न चुकता मागवायचा.

हळूहळू त्या माझ्या मोटरसायकलवर मागं बसून गावोगाव येऊ लागल्या. मी मशीन लावायचो, त्या बांधावरच्या माणसांत शिरायच्या. माझं काम अर्धं होतंय तोवर त्यांचं संपलेलं असायचं आणि मग त्या माझ्याभोवती फेऱ्या घालायच्या. झालं का? निघायचं का? पुढचं गाव कुठलं? सांगलीतल्या त्यांच्या खोल्याही अशाच. मालकाशी भांडण नाही, भाडं थकलेलं नाही, तरी वर्ष झालं की बाई दुसरीकडं. त्यांच्या एका मैत्रिणीनं त्यांना चार दिवस विश्रांतीला म्हणून पाचगणीला नेलं होतं. बाई दुसऱ्याच दिवशी परत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथला चिखल पाहुण्यासारखा आहे. पाऊस उघडला की निघून जातो. मग मी कुणाशी बोलू?"

एकदा पांढऱ्या पडलेल्या रानात आम्ही उभे होतो. ऊन होतं, वर मिठाचा पापुद्रा चमकत होता आणि पाय टाकला की खालून पाणी येत होतं. बाई बराच वेळ त्या चकाकीकडं बघत राहिल्या. मग सांगायला लागल्या, की रशियनमध्ये दलदलीला जो शब्द आहे, बोलोतो म्हणून, तो काहीजण 'पांढरा' ह्या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. हे वाचून त्यांना वर्षानुवर्षं हसू यायचं. चिखल कधी पांढरा असतो का? "आणि मोजणीदार, हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांना काही केल्या तिथून निघावंसं वाटेना. असं क्वचितच व्हायचं.

चिखलच का, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्या मूळच्या वडूजच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातल्या. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. पावसानं दडी मारली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं नदीकाठाला उतरायचं. त्या म्हणाल्या, की त्यांच्या गावाकडं धुळीला शब्दच शब्द. उडणारी वेगळी, बसलेली वेगळी, मेंढरांच्या खुरानं उठलेली वेगळी. चिखलाला मात्र एकच, चिखल. तोही रोज लागायचा नाही. शिकायला म्हणून सांगलीच्या वसतिगृहात आल्या आणि बघतात तर इथल्या मुली चिखलाला पाच-सहा नावांनी हाका मारतायत. "मला हेवा वाटला हो," त्या म्हणाल्या. "इतका चिखल, की त्यात निवड करायची!"

घरचं त्या एवढंच बोलल्या. भाऊ आहे, असं एकदा ओझरतं म्हणाल्या. कुठं असतो, ते सांगितलं नाही.

त्याच सुमाराला माझं एका गावात काम अडलं होतं. सबंध पट्टा पांढरा पडलेला, सगळे शेतकरी तयार, पण सगळ्यात खालचं रान ज्यांचं, ते म्हातारे ऐकेनात. गावात त्यांना आण्णा म्हणत. पूर्वी मेंढरं राखायचे. कष्टानं वाढवलेली मेंढरं विकून हे पाटाच्या पाण्याचं रान घेतलं आणि ऊस लावला. पहिली काही वर्षं असा ऊस आला म्हणे, की लोक बघायला यायचे. मग रान उपळलं, म्हणजे खालून पाणी वर यायला लागलं, आणि मीठ फुटलं. आता तिथं लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं.

पाणी खाली वाहतं. त्यामुळं खालच्या रानातून पाइप गेल्याशिवाय वरच्या कुणाचंच पाणी निघणार नव्हतं. मी आण्णांकडं खेटे घातले. उतार दाखवला, नकाशा दाखवला, शेजारच्या गावची सुधारलेली रानं दाखवायला नेलं. ते सगळं शांतपणे बघायचे आणि शेवटी एकच वाक्य बोलायचे.

"नावातच मीठ हाय सायेब. तुमचा पाइप काय करनार?"

त्या रानाला लवण म्हणत, हे मला ठाऊक होतं. पण ह्यात मीठ कुठून आलं, ते समजेना. शेवटी वरच्या रानातल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं. आण्णांची धाकटी बहीण लई शिकलेली, कॉलेजात मास्तरीण. रान घ्यायच्या वेळी ती आली होती. नाव ऐकल्याबरोबर म्हणाली, लवण म्हणजे संस्कृतात मीठ, ही जमीन मुळातली खारी असणार, घेऊ नको दादा. सगळे हसले. आण्णांनी रान घेतलं. ऊस तरारून आला तेव्हा त्यांनी बहिणीची चारचौघांत थट्टा केली. आणि पुढं मीठ फुटलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. तुझ्या तोंडानं झालं, म्हणाले, आणि बोलणं टाकलं. सांगणारा आदरानं म्हणाला, "पर बाईला आधीच कळलं हुतं बघा. इद्या म्हंजी काय, ते तवा कळलं."

मी संध्याकाळी सांगलीला परत येईपर्यंत माझ्या डोक्यात जुळत आलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना त्या गावाचं नाव सांगितलं आणि येता का विचारलं. त्यांचा चेहरा मिटला.

"तिथं मी येत नाही."

पण थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच सांगितलं. भाऊ बोलत नाही ह्याचं दुःख होतं, पण त्या दुःखाच्या तळाशी थोडा अभिमानही होता, हे त्यांनी लपवलं नाही. आपण सांगितलेलं खरं ठरलं. वर्गातसुद्धा त्या हे उदाहरण द्यायच्या. शब्द सावध करतो, आपण ऐकत नाही, असं मुलांना सांगायच्या. भावाबहिणीच्या मध्ये, आणि तेही संस्कृतापुढं, बोलणारा मी कोण?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही वेगळ्याच बाजूला, वारणेच्या अंगाला निघालो होतो. रस्ता चुकला. एक बाई बांधावर गवत कापत होती. तिला मी वाट विचारली. तिनं विळ्यानंच दिशा दाखवली.

"हितनं खाली लवणात जावा. तिथनं पूल हाय."

मी गाडी सोडली. जरा पुढं गेलो असेन, तर मागून बाईंनी माझा खांदा घट्ट धरला. थांबा म्हणाल्या. गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या. त्या गवतवालीकडं परत चालत गेल्या आणि विचारलं, तिथं मीठ आहे का? ती बिचारी बघतच राहिली. मीठ कुठलं? चांगलं गोडं पाणी वाहतंय, म्हणाली, पायरीगत उतरून जावा. मग लवण का म्हणता? आता ह्यात का काय, लवलेलं हाय म्हणून लवण. ती पुन्हा गवताला लागली.

बाई उतारावर उभ्या राहून खाली बघत राहिल्या. दोन्हीकडची रानं मधल्या खोलगट जागेकडं कललेली, तळाशी ओढा, पलीकडं पूल. शब्दाचा अर्थ समोर पसरलेला होता.

"तुम्हाला ठाऊक होता का हा शब्द?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, हो, आमच्या कोरेगावकडंही म्हणतात. लवण म्हणजे खळगा, सखल जागा.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चिखलाला काय म्हणता ते विचारायचात बाई. खळग्याला काय म्हणता, हे कधी विचारलं नाहीत."

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी पूलही बघितला नाही. परत फिरा म्हणाल्या.

पुढचे काही दिवस त्यांचा फोन नाही. शेवटी मीच खोलीवर गेलो. दार उघडंच होतं आणि त्या खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझारा घालत होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. जाड कोश टेबलावर पडला होता. "कोशात दिलाय हा अर्थ," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात होता. मी उघडलाच नाही. कारण मला उत्तर येत होतं."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, बाई, पण जमीन शेवटी खारी झालीच की. तुमचं सांगणं खरं झालं.

त्या थांबल्या. "मी चुकीच्या कारणानं बरोबर ठरले. ह्याच्याइतकं वाईट काही नाही. चुकले असते तर कुणीतरी दुरुस्त तरी केलं असतं."

मग मी त्यांना आण्णांचं ते वाक्य सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. नावातच मीठ आहे म्हणून ते पाइप घालू देत नाहीत आणि त्यांच्यामुळं वरचा सगळा पट्टा अडकून पडलाय. त्यांचा शब्द गावात अजून जिवंत होता आणि रान मारत होता.

"चला," त्या म्हणाल्या. ह्या वेळी 'पुढं' म्हणाल्या नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आण्णा गोठ्यापुढं वैरण सोडत होते. बहिणीला त्यांनी लांबूनच ओळखलं असणार, कारण त्यांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. बाईंच्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. शेजारची दोघं-तिघं काही काम असल्यासारखी जवळ येऊन उभी राहिली. कॉलेजातली मास्तरीण आली होती, जिला आधीच कळलं होतं.

बाईंनी तांब्या हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"दादा, मी चुकले होते," त्या म्हणाल्या. "लवण म्हणजे मीठ नव्हे."

आण्णांनी वर बघितलं नाही. बाई वर्गात बोलल्यासारख्या बोलू लागल्या, संस्कृतातला शब्द वेगळा, मराठीतला वेगळा, लवणे ह्या क्रियापदावरून आलेला. मध्येच थांबल्या. आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून त्यांची घरची बोली ऐकली.

"लवन म्हंजी खळगा, दादा. आपल्याकडं ओघळ म्हनत्यात न्हवं, तसं. पानी उतरायची वाट हुती ती. कुनीतरी बुजवली असनार."

"मग मीठ?"

"मीठ मागनं आलं. पानी तुंबलं म्हनून."

"म्हंजी जमीन मुळात खारी न्हवती?"

"न्हवती."

आण्णा सरळ उभे राहिले. वैरणीची पेंढी त्यांच्या हातातच होती. आवाज चढला नाही, पण शेजारची माणसं एक पाऊल मागं सरली.

"तुझ्या एका शब्दावर मी रान सोडलं. जल्मजात रोगी हाय म्हनून त्येला औषीद केलं न्हाई. कळतंय का तुला?"

"व्हय," बाई म्हणाल्या.

आण्णा पेंढी टाकून रानाकडं चालू लागले. बाई त्यांच्या मागं, बऱ्याच अंतरावरून. मी जाणार होतो, वहिनींनी खुणेनं थांबवलं. त्या हळू आवाजात सांगत होत्या, की धन्यांनी त्या रानात जाणंच टाकलं होतं. सणाला बाकीच्या रानांना नारळ फोडायचे, त्याला नाही. "आवं, शाप हाय म्हनायचं. आन् शाप कुनाचा, तर सख्ख्या भनीचा. मग कसं झोपंल मानूस?"

लांबून ती दोघं दिसत होती. पांढऱ्या रानाच्या एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला बहीण. काय बोलली, की बोललीच नाहीत, ते मला आजतागायत माहीत नाही. परत आले तेव्हा आण्णा पुढं होते आणि बाई त्यांच्या मागोमाग, अगदी जवळ.

"सायेब," ते मला म्हणाले, "घाला तुमचा पाइप." आणि वहिनींना म्हणाले, "हिला भाकरी दे. सकाळधरनं उपाशी असंल."

काम सुरू झालं. लोक कुठल्या कुठल्या रानांना लवणात धरतात, ते बाईंनी घरोघर फिरून विचारलं. ते माझ्या लेव्हलशी ताडून बघितलं आणि मी पाइपाची रेघ थोडी सरकवली. जेसीबीनं खोल चर मारला तेव्हा काळ्या मातीखाली करडा, वास मारणारा गाळ लागला, मग गोल झालेले दगड आणि गोगलगायींचे शंख. जुना ओढाच. कधीकाळी रान सपाट करताना बुजवलेला, माणसांच्या आठवणीतून गेलेला. बाई खाली उतरलेल्या होत्याच. आण्णाही उतरले. बहिणीपुढं मूठभर करडा गाळ धरून म्हणाले, "आता ह्येला काय म्हनायचं, मास्तरीन?"

बाईंनी गाळ बघितला. "ठाऊक नाही," म्हणाल्या.

हे दोन शब्द मी त्यांच्याकडून तोवर ऐकले नव्हते. नंतर वारंवार ऐकले. आधी त्यांच्याकडं प्रत्येक शब्दाचं कूळ तयार असायचं. आता विचारलं की आधी म्हणायच्या, ठाऊक नाही, आणि डोळे चमकायचे. एकदा त्यांनी मला चिखल ह्या शब्दाचं सांगितलं. लॅटिनमध्ये धुंडाळला, लिथुआनियनमध्ये धुंडाळला. आपल्या पल्वलाला, म्हणजे डबक्याला, तिथं पालुस आणि पेल्के असे भाऊबंद मिळाले. चिखलाला मात्र कुणी नाही. प्राकृतात दिसतो, त्याच्यामागं काळोख. कदाचित संस्कृत बोलणारे इथं यायच्या आधीच्या माणसांचा असेल. तरुणपणी त्याला युरोपातलं एखादं घर मिळवून द्यायचा त्यांनी फार आटापिटा केला होता. "लहानपणी मला एवढाच शब्द होता ना," त्या म्हणाल्या. "तो अनाथ असावा, हे सोसत नव्हतं. आता वाटतं, असू दे. इथला आहे, इथं राहू दे."

पाइपातून चहाच्या रंगाचं पाणी ओढ्याला पडायला लागलं. रान एकदम सुधारलं, असं म्हणणार नाही. आधी नुसता हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून गाडला. मग गहू आला, तोही ठिगळाठिगळानं. एक कोपरा आजही पांढरा आहे. आण्णांनी पुन्हा ऊस लावला नाही.

बाई तिथं रमतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. वहिनींनी एक खोली सारवून ठेवली होती. बाई यायच्या, राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी अंगणात येरझारा सुरू. मग एके दिवशी त्यांनी सांगितलं, की त्या बंगालला चालल्यात. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिकडं असते. कर्दम हा चिखलाचा शब्द आपल्याकडं पुस्तकात राहिला, पण तिकडं 'कादा' होऊन अजून पायाला लागतो. तो ऐकायचाय. महिनाभरात येते म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत. बंगालहून आसामात गेल्या, तिथून पुन्हा बंगालात. कधीमधी फोन यायचा. मागं कुणीतरी हसत असायचं, पाऊस पडत असायचा, आणि बाई म्हणायच्या, "मोजणीदार, हा ऐका," आणि एक शब्द सांगून फोन ठेवायच्या. आण्णा मला विचारायचे, कवा येनार म्हनली? मी म्हणायचो, सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या विद्यार्थिनीचा फोन आला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, म्हणाली. आण्णा आणि त्यांचा मुलगा गेले. राख त्यांनी तिथल्याच नदीत सोडली. परतल्यावर मी भेटायला गेलो, तर मी काही विचारायच्या आतच आण्णा म्हणाले, "हिकडं आनून काय करायचं, सायेब? ती थोडीच ऱ्हानार हुती."

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मिरज स्टेशनवर, बंगालला निघाल्या तेव्हा. आण्णा भाकरी बांधून आले होते. गाडीला उशीर होता. बाई जरा फिरल्या, पाटी बघून आल्या, पुन्हा फिरल्या, आणि मग बाकावर भावाशेजारी टेकल्या. मी पाण्याची बाटली आणायला गेलो. परत येऊन बघतो तर भावाच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेल्या. अंबाडा सुटलेला, तोंड जरासं उघडं. आण्णा खांदा न हलवता बसले होते. मला हळूच म्हणाले, मेंढरामागं चालतानाबी अशीच झोपायची, हात धरावा लागायचा.

गाडी आली. लोकांची धावाधाव सुरू झाली. मी बॅग उचलली, तरी आण्णा उठवेनात. शेवटी त्यांनी तिच्या कानाशी वाकून तिला घरच्या नावानं हाक मारली. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते त्या दोघांचंच असल्यामुळं इथं सांगत नाही.

बाईंनी डोळे उघडले. आपण कुठं आहोत, ते त्यांना क्षणभर उमगलं नाही.

"पोचलो का रं, दादा?"

"न्हाई," आण्णा म्हणाले आणि भाकरीचं गाठोडं तिच्या हातात दिलं. "तुला अजून जायचं हाय."